रेडिओलॅरियाचे जीवाश्म: कवच आणि वर्गीकरण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठवाड्यातली बी.एस्सी., एम.एस्सी.ची मुले, सेट-नेटची तयारी करणारे आणि शेतात सापडलेल्या दगडाचा फोटो पाठवून "सर, हा जीवाश्म आहे का?" असे विचारणारे शेतकरी, या तिघांकडून गेली कित्येक वर्षे तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकाच गोष्टीचे उत्तर दोनदा दिलेले नाही. गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक खुलासा आधीच करतो. इथे जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. वर्तमानपत्रे बरोबर उलटे लिहितात आणि मुले पेपरात तेच उतरवतात.

१. रेडिओलॅरिया म्हणजे नेमके काय? प्राणी की वनस्पती?

दोन्ही नाही. हा समुद्राच्या पाण्यात तरंगणारा एकपेशीय जीव आहे. पेशीच्या मध्यभागी छिद्रे असलेले पिशवीसारखे आवरण असते, त्याला मध्यसंपुट म्हणतात. केंद्रक त्याच्या आत असते. बाहेर फेसासारखे पेशीद्रव्य असते आणि त्यातून सूर्यकिरणांसारखे बारीक, ताठ पाय चहूकडे निघतात. या किरणांवरूनच योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये 'रेडिओलॅरिया' हे नाव रूढ केले. फोरॅमिनिफेरा नावाचे कवचधारी एकपेशीय जीव हे त्यांचे जवळचे नातलग. जीवाश्म म्हणून उरते ते त्यांचे सिलिकेचे, म्हणजे काचेच्या जातीच्या पदार्थाचे, कवच (प्रश्न ६).

बहुतेक जातींचा आकार ०.०५ ते ०.३ मिलिमीटर असतो. ज्वारीच्या एका दाण्याच्या रुंदीत तीस-चाळीस सहज मावतील. कॅम्ब्रियन काळापासून, म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांपासून, ते समुद्रात आहेत आणि आजही आहेत. गोड्या पाण्यात मात्र एकही जात राहत नाही. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे या एका वाक्यात आहेत.

२. मराठवाड्यात रेडिओलॅरियाचे जीवाश्म कुठे सापडतील?

कुठेच नाही. आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी दख्खनचा बेसाल्ट आहे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. हा लाव्हा जमिनीवर पसरला, समुद्रात नाही. दोन उद्रेकांमध्ये जो काळ गेला त्यात तळी साचली. त्या तळ्यांच्या गाळात शंख, वनस्पती, मासे यांचे अवशेष मिळतात, पण ते गोड्या पाण्यातले.

"मग बेसाल्टच्या खाली?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल विंधन घेतले गेले. सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली गाळाचा एक पातळ थर आणि मग थेट ग्रॅनाइट-नाइस जातीचा अतिप्राचीन खडक. देगलूर, मुखेडकडे हाच जुना पाया उघडा पडलेला दिसतो. मध्ये खोल समुद्राचा एकही थर नाही.

एक अपवाद लोक हमखास दाखवतात. आपलीच गोदावरी पुढे राजमहेंद्रीला जाते, तिथे लाव्हाच्या थरांलगत सागरी जीवाश्म मिळाले आहेत. खरे आहे. पण तिथे ज्यांच्यावरून गाजावाजा झाला ते चुनखडी कवचाचे फोरॅमिनिफेरा आहेत, आणि ते ठिकाण किनाऱ्याजवळचे आहे. त्यावरून परभणीत समुद्र होता असे सिद्ध होत नाही.

३. मग भारतात कुठे बघायला मिळतील?

अंदमान बेटांवर, नागालँडच्या डोंगरात आणि लडाखमध्ये सिंधूच्या खोऱ्यालगत. या तिन्ही ठिकाणी जुन्या महासागराचा तळ दाबला जाऊन जमिनीवर आला आहे आणि त्यासोबत रेडिओलॅरियन चर्ट, म्हणजे त्यांच्या कवचांच्या चिखलाचा बनलेला टणक खडक, तोही वर आला. याशिवाय मध्य हिंद महासागराच्या तळावर आजही रेडिओलॅरिया आणि डायाटम (काचेच्या कवचाचे शैवाल, प्रश्न ५) यांच्या कवचांचा चिखल साचतो आहे. १९८७ मध्ये मॅंगनीजच्या गोळ्यांसाठी भारताला जे समुद्रतळाचे क्षेत्र मिळाले, ते याच खोऱ्यात आहे. तिथल्या गाळावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत बरेच काम झाले आहे.

४. आमच्या शेतात गारगोट्या आणि अकीक निघतात. तीही सिलिकाच ना? त्यात असतील का?

सिलिका बरोबर, जीव नाही. बेसाल्ट थंड होताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. नंतर सिलिका विरघळलेले पाणी झिरपत आले आणि पोकळीत थरावर थर बसले. अकीकातले गोल गोल पट्टे म्हणजे ते थर. काहींत हिरवी शेवाळासारखी नक्षी असते. तीही शेवाळ नसून खनिजांची वाढ आहे. जालन्याच्या एका गृहस्थांनी मला असा दगड रुमालात गुंडाळून आणून दाखवला होता. त्यांची निराशा करताना जीवावर आले, पण दगड सुरेख होता.

काळ्या मातीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर मात्र सजीवांनी बनवलेली सिलिका खरोखर दिसते. डमरूसारखे, काचेचे बारीक तुकडे असतात ते. ते ज्वारीचे. ज्वारीच्या पानाची कड हाताला कापते ती याच सिलिकेमुळे. पान कुजते, काच मातीत राहते. याला फायटोलिथ म्हणतात. पदार्थ रेडिओलॅरियाच्या कवचाचाच, ओपल जातीचा, पण बनवणारा वेगळा.

५. नाथसागराच्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली नक्षीदार काचेचे जीव दिसले. ते रेडिओलॅरियाच असणार?

ते डायाटम. जायकवाडीचे पाणी गोडे आहे (प्रश्न १). डायाटम हे शैवाल आहे आणि त्याचे कवच डबी आणि तिचे झाकण असे दोन भागांचे असते. रेडिओलॅरियाचे कवच आरपार जाळीदार असते आणि त्याला झाकण नसते. कधी तळ्याच्या पाण्यात गोल, किरणांचे पाय असलेला जीव दिसतो आणि मुले उड्या मारतात. तो हेलिओझोआ. दिसायला चुलतभाऊ, नाते लांबचे.

६. कवच कशाचे असते? काचेसारखे असेल तर कोट्यवधी वर्षे टिकते कसे?

कवच ओपल सिलिकेचे असते, म्हणजे स्फटिकी रचना नसलेली, थोडे पाणी धरून ठेवणारी सिलिका. जिवंत असताना ते उघडे नसते. पेशीद्रव्याच्या पातळ आवरणातच ते घडते आणि त्या आवरणानेच झाकलेले राहते. म्हणून शिंपल्यासारखे 'बाहेरचे घर' अशी कल्पना करू नका. ते आतला सांगाडा आणि बाहेरचे कवच यांच्या मधले काहीतरी आहे.

टिकण्याचे म्हणाल तर बहुतेक टिकत नाहीतच. समुद्राच्या पाण्यात सिलिका इतकी कमी असते की मेल्याबरोबर कवच विरघळू लागते आणि थोडीच कवचे तळापर्यंत पोचून गाळात पुरली जातात. पुरल्यावर ओपलची हळूहळू क्वार्ट्‌झ होते आणि चिखलाचा चर्ट नावाचा टणक खडक बनतो. त्यात लोह असले की तो लाल दिसतो.

आणखी एक गोष्ट. गेल्या साडेसहा कोटी वर्षांत उष्ण कटिबंधातल्या रेडिओलॅरियाची कवचे हलकी होत गेली. त्या काळात डायाटम वाढले आणि पाण्यातली सिलिका तेच उचलू लागले. वाटणीत कमी आले तसे घर बारीक बांधले, इतका साधा हिशेब.

७. स्पुमेलॅरियाच्या कवचाचे भाग कोणते?

स्पुमेलॅरिया हा रेडिओलॅरियाच्या दोन मोठ्या गटांपैकी एक. जाळीच्या चेंडूत जाळीचा चेंडू अशी ही रचना. सगळ्यात बाहेरचा मोठा गोल म्हणजे कॉर्टिकल शेल, आतले लहान गोल म्हणजे मेड्युलरी शेल. आतला गोल अधांतरी राहू नये म्हणून दोघांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या असतात. या दांड्या बाहेरच्या गोलातून आरपार निघाल्या की काटे होतात. भिंतीवर छिद्रे असतात आणि छिद्रांभोवती बहुधा षटकोनी चौकटी. पुरणयंत्राची चाळणी गोल वाकवली तर जसे दिसेल तसे.

सगळेच गोल नसतात. काही चपट्या तबकड्या, काही तीन हातांचे, काही लांबट. काहींची भिंत जाळीची नसून स्पंजासारखी असते, वाळलेल्या घोसाळ्याच्या आतल्या गरासारखी. स्पॉन्गास्टर ही प्रजाती यातलीच. तिच्यात पाच बाजूंच्या पेंटास या जातीपासून चौकोनी टेट्रास जात कशी उतरली, हे समुद्रतळाच्या गाळात पायरीपायरीने दिसते. टेट्रास आजही उष्ण समुद्रात जिवंत आहे.

८. आणि नॅसेलॅरियाचे?

हा दुसरा मोठा गट. उतरंड आठवा. आजीच्या घरात खाली मोठे मडके, त्यावर लहान, सगळ्यात वर इवलेसे गाडगे असे रचलेले असायचे. नॅसेलॅरियात सगळ्यात वरचे गाडगे म्हणजे सेफॅलिस, त्याखाली थोरॅक्स, त्याखाली अ‍ॅबडोमेन, आणि काही जातींत त्याखालीही आणखी खण. दोन खणांमधल्या आवळलेल्या जागेला नावे आहेत. सेफॅलिस आणि थोरॅक्स यांमधली कॉलर, थोरॅक्स आणि अ‍ॅबडोमेन यांमधली लंबार. माथ्यावर शिंग आणि खाली पाय असू शकतात. खालचे तोंड बहुधा उघडे असते.

फरक एवढाच की घरातली उतरंड खालून वर रचतात आणि ही वरून खाली वाढते. सेफॅलिस आधी बनते. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न १७ मध्ये लागेल.

९. सर्व जण 'आतली काडी बघ' म्हणतात. ती काडी म्हणजे काय आणि तिला एवढे महत्त्व का?

एकच उत्तर नीट वाचणार असाल तर हे वाचा.

नॅसेलॅरियाच्या सेफॅलिसच्या आत एक छोटी आडवी दांडी असते, तिला मध्यदांडी म्हणू. तिच्या दोन्ही टोकांपासून ठरावीक दिशांना फांद्या फुटतात आणि प्रत्येकीला अक्षर दिलेले आहे. वर जाणारी ए. मागची डी. पुढची व्ही. बाजूच्या दोन मुख्य एल, आणि काहींत आणखी दोन लहान बाजूच्या. ए फांदी भिंतीतून बाहेर पडली की माथ्यावरचे शिंग होते. डी आणि दोन एल खाली लांबल्या की तीन पाय होतात. म्हणजे बाहेर दिसणारी शिंगे आणि पाय ही सजावट नाही, आतल्या काडीचीच टोके आहेत.

महत्त्व एवढ्यासाठी की पाण्यात तरंगणाऱ्या जीवाला बाहेरचा आकार परिस्थिती घडवते. गोल, तबकडी, घंटा, काटे हे आकार वेगवेगळ्या वंशांत पुन्हापुन्हा बनले आहेत. आतली काडी मात्र सगळ्यात आधी बनते आणि सहसा बदलत नाही. घर रंगवता येते, ओसरी वाढवता येते, पण मेढी आणि तुळई जिथे आहेत तिथेच राहतात. नाते मेढीवरून ठरवायचे.

स्पुमेलॅरियात अशी काडी नसते, तिथे सुरुवात सगळ्यात आतल्या गोलापासून होते. मग काडीही आहे आणि बाहेरून गोलही आहे असा नमुना मिळाला तर? तो एन्टॅक्टिनारिया. हा गट स्वतंत्र ठेवायचा की नाही यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही, पण विद्यार्थ्याने तो निदान ओळखता यावा. म्हणून नुसता चांगला फोटो पुरत नाही, कधी कधी तुटलेले कवच अखंड कवचापेक्षा जास्त सांगते. फुटलेल्या बाजूने आत डोकावता येते ना!

१०. हेकेलचे वर्गीकरण अजून चालते का? जुन्या नोट्समध्ये तेच आहे.

नावे चालतात, चौकट नाही. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरच्या समुद्रतळाचे नमुने आणले. त्यातल्या रेडिओलॅरियावर एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये जो अहवाल छापला त्यात ४,३१८ जाती आहेत आणि त्यातल्या ३,५०८ त्याने नव्याने वर्णन केल्या. एका माणसाच्या आयुष्यात एवढे काम, नमस्कारच करावा.

पण त्याची पद्धत भूमितीची होती. गोल किती, काटे किती, खण किती, पाय किती हे मोजायचे आणि खाने पाडायचे. त्यामुळे सख्खी भावंडे दोन घरांत गेली आणि परकी माणसे एका घरात आली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून विल्यम रीडेल आणि इतरांनी थरांमधला वंशक्रम पाहून मांडणी बदलली. परीक्षेत हेकेल इतिहास म्हणून लिहा, आजचे वर्गीकरण म्हणून लिहू नका.

११. मग जीवाश्मांसाठी आज कोणते गट धरायचे?

आजही जिवंत असलेल्यांत स्पुमेलॅरिया, नॅसेलॅरिया आणि कोलोडारिया, शिवाय वर सांगितलेला एन्टॅक्टिनारिया. नामशेष झालेल्यांत आर्किओस्पिक्युलॅरिया, लॅटेंटिफिस्ट्युलॅरिया आणि अल्बाइलेलारिया. सगळ्यांची कवचे सिलिकेची, सगळे पॉलिसिस्टिना या मोठ्या नावाखाली.

अल्बाइलेलारिया एकदा पाहिले की विसरत नाहीत. गोल नाहीत, दोन बाजू सारख्या, त्रिकोणी चौकटीवर उभे, काही वाकड्या शिंगासारखे. पर्मियन काळात त्यांच्या जाती इतक्या झपाट्याने बदलत गेल्या की थराचे वय सांगायला त्या सोन्यासारख्या आहेत. पर्मियन अखेरच्या महाविनाशात ते जवळपास संपले. त्यानंतरच्या ट्रायासिक काळापासून नॅसेलॅरिया भरभराटीला आले. चर्टमध्ये अल्बाइलेला दिसला तर जुरासिक (ट्रायासिकनंतरचा काळ) लिहू नका, एवढे एक जरी लक्षात राहिले तरी पुष्कळ.

१२. अकॅन्थारिया आणि फिओडारिया जीवाश्मांच्या यादीत का नसतात?

दोन्ही रेडिओलॅरियासारखेच समुद्रातले एकपेशीय जीव. अकॅन्थारियाचा सांगाडा सिलिकेचा नसून स्ट्रॉन्शियम सल्फेटचा असतो. जीव मेला की तो पाण्यात विरघळतो, मागे काही उरत नाही. वाईट वाटते, कारण त्यांची रचना फार देखणी आहे. वीस काटे, चारचारचे पाच वेढे, पृथ्वीवरच्या विषुववृत्त आणि कटिबंधांसारखे बसवलेले. याला म्युलरचा नियम म्हणतात.

फिओडारियाचे कवच पोकळ नळ्यांचे, सिलिकेत सेंद्रिय पदार्थ मिसळलेले, म्हणून क्वचितच टिकते. शिवाय २००४ मध्ये जनुकीय अभ्यासातून ते रेडिओलॅरिया नव्हेतच, सर्कोझोआ या वेगळ्या गटातले आहेत असे दिसून आले. २००४ पूर्वीच्या नोट्स वापरत असाल तर तिथे काट मारा.

१३. चर्टच्या पातळ छेदात गोल गोल दिसले. स्पुमेलॅरिया लिहू का?

थांबा. उतरंडीतले मडके आडवे कापले तर काय दिसेल? गोलच. नॅसेलॅरियाचा आडवा छेदही गोलच दिसतो. मी एम.एस्सी.ला असताना तोंडी परीक्षेत हाच गोल दाखवून स्पुमेलॅरिया म्हणालो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काही न बोलता स्लाइड थोडी सरकवली. शेजारी त्याच जातीचा उभा छेद होता, तीन खणांचा. त्यानंतर पातळ छेदावर जातीचे नाव लिहायची हिंमत झाली नाही. छेदावरून 'रेडिओलॅरिया आहेत' एवढेच म्हणा. ओळख पटवायला कवच खडकातून सुटे काढावे लागते.

१४. सुटे काढायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात म्हणे. पण ते सिलिका खाते, मग कवच कसे उरते? आणि हे घरी जमेल का?

घरी नाही. कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेतही नाही. हे आम्ल काच खाते, कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करते, आणि सुरुवातीला दुखतही नाही. धूरकपाट, प्लास्टिकची भांडी, कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल आणि शिकलेला माणूस हे चारही नसतील तर बाटलीला हातही लावू नका.

कवच उरते कारण कवचाची सिलिका आणि भोवतालची सिलिका यांच्या दाण्यांत आणि अशुद्धतेत थोडा फरक असतो. सौम्य आम्लात भोवतालचा भाग आधी झिजतो, कवच उठून दिसते, सुटते. जास्त वेळ ठेवले की तेही जाते. म्हणून थोडा वेळ ठेवायचे, धुवायचे, बारीक चाळणीतून गाळायचे आणि पुन्हा ठेवायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रूढ झाली आणि चित्र पालटले. जपानमध्ये जे चर्ट पुराजीव महाकल्पातले, म्हणजे पर्मियन किंवा त्याआधीचे, समजले जात होते, त्यातले बरेच ट्रायासिक आणि जुरासिक निघाले. अख्ख्या देशाचा भूशास्त्रीय नकाशा नव्याने वाचावा लागला.

चुनखडीत अडकलेले नमुने काढायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल पुरते आणि मऊ चिखलाला हायड्रोजन पेरॉक्साइड.

१५. रेडिओलॅरियन चर्ट म्हणजे खोल समुद्र, हे समीकरण बरोबर ना?

बहुधा बरोबर, नेहमी नाही. साधारण चार-पाच किलोमीटर खोलीखाली चुनखडीची कवचे विरघळून जातात आणि सिलिकेची उरतात, म्हणून समीकरण रूढ झाले. पण जिथे खालचे पोषक पाणी वर येते आणि रेडिओलॅरिया भरमसाट वाढतात, तिथे कमी खोलीवरही सिलिकेचा गाळ साचतो. चर्टसोबत काय आहे ते पाहा. उशीसारखा लाव्हा असेल तर खोल समुद्रतळ धरा. वाळूचे थर असतील तर घाई करू नका.

१६. इंटरनेटवरचे रंगीत फोटो खरे असतात का?

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे काळी-पांढरीच असतात, रंग नंतर भरतात. हेकेलची चित्रे फोटो नाहीत, रेखाटने आहेत आणि निसर्गापेक्षा जरा जास्तच सममित. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनाचे प्रवेशद्वार वास्तुविशारद रने बिने यांनी अशाच रेखाटनांवरून घडवले. कमानीसाठी ती उत्तम. नमुना ओळखण्यासाठी नव्हेत.

१७. दोन खणांचा नमुना मिळाला. पुस्तकात तशी जात आहे, पण बाकी खुणा तीन खणांच्या जातीशी जुळतात. कोणते नाव द्यायचे?

बहुधा तो तीन खणांच्या जातीचाच, पण अल्पवयीन किंवा खालून तुटलेला. वाढ वरून खाली होते (प्रश्न ८), त्यामुळे अ‍ॅबडोमेन बनण्याआधी मेलेला जीव दोन खणांचाच दिसतो. जुन्या काळी अशा पोरासोरांनाही स्वतंत्र जातीची नावे मिळाली आहेत. खालची कड पाहा. ती गुळगुळीत, मुद्दाम बांधल्यासारखी असेल तर कवच पूर्ण आहे. छिद्रे अर्धवट कापल्यासारखी दिसत असतील तर ते तुटलेले किंवा अपुरे. आणि एका नमुन्यावर कधीच ठरवू नका, त्याच थरातले वीस-पंचवीस शेजारी मांडा.

१८. एकच गोल, आत काही नाही, छिद्रे वेडीवाकडी. हा कोणता स्पुमेलॅरिया?

कदाचित स्पुमेलॅरिया नव्हेच. कोलोडारियातल्या कोलोस्फेरासारख्या प्रजातींची कवचे अशीच असतात. आत दुसरा गोल नाही, जोडणाऱ्या दांड्या नाहीत, छिद्रे ओबडधोबड. हे जीव जेलीसारख्या वसाहतीत राहतात आणि वसाहत कधी मीटरभराहून लांब होते. जनुकांवरून पाहिले तर ते नॅसेलॅरियाच्या जवळचे निघतात. चेंडूचा नातलग उतरंड, बाहेरून बघून कुणी म्हटले असते का? काडी नाही आणि आतला गोलही नाही, हीच इथे ओळख (प्रश्न ९).

१९. एकाच थरात इओसीनच्या (कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या) आणि अगदी अलीकडच्या जाती एकत्र मिळाल्या. थराचे वय काय लिहायचे?

अलीकडचे. जुना गाळ समुद्रतळावर उकरला जाऊन नव्या गाळात मिसळतो आणि जुनी कवचेही सोबत येतात. पॅसिफिकच्या तळावर हे सर्रास दिसते. म्हणून एखादी जात थरात पहिल्यांदा कुठे आली यावर जास्त भरवसा ठेवा, शेवटची कुठे दिसली यावर कमी. उकरून आलेल्या कवचांचा रंग, झीज आणि आत भरलेला गाळ वेगळा असतो. सुईने एक कवच फोडून आतला चिखल आणि बाहेरचा चिखल शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत फरक दिसला की पाहुणा कोण ते कळते.